पाचवा रकाना

तीन वर्षं मी माझ्याच घरात मामा होतो.
रात्रपाळीहून येऊन दारात बूट काढायचो
आणि ती धावत यायची, मामा, मामा.
बार्शीचा खरा मामा फोनवर हसायचा:
दाजी, पोरीनं तुम्हाला मामा बनवलं.
हसायचो मीही.

टाळूला फट घेऊन आली होती.
नवव्या महिन्यात ती शिवली, बारीक टाक्यांनी,
पण वाऱ्याला जुनी वाट पाठ झालेली.
ओठ मिटले की तो नाकातून निसटायचा
आणि ब चा म व्हायचा.

वृंदानं मुळाक्षरांचा तक्ता मागवला,
स्वयंपाकघरात लावला, बॉयलरशेजारी.
तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं:
प्रत्येक ओळीच्या शेवटी एक नाकातलं अक्षर.
ङ ञ ण न म.
तेवढा उभा रकाना आमच्या मुलीचा.
त्यातलेही दोनच बोलण्यातले.
क च्या जागी घशात एक छोटा खटका,
त च्या जागी तोच.
नाव पोटात असतानाच ठरलं होतं, केतकी.
एवढ्याशा नावात तीन भिंती.
कुणी विचारलं की ती सांगायची: एअई.

गावाकडून एकीनं विचारलं,
ग्रहणात विळीवर बसली होती का वृंदा?
संडरलँडला सूर्यच महिना महिना दिसत नाही,
ग्रहण कुठून दिसणार, म्हणालो मी.
ती काही म्हणाली नाही.
फोन ठेवला, आणि सगळ्या सुऱ्या
ओट्याच्या शेवटच्या खणात, मागे सारल्या.

दर मंगळवारी बस विअर नदी ओलांडायची.
जिलियन. गळ्यात चष्मा, खिशात दातांच्या डॉक्टरचा आरसा.
आम्ही पिशवी भरून आणलेली:
शिट्ट्या, पिसं, साबणाचे फुगे, मेणबत्त्या.
हे वाढदिवसाला ठेवा, म्हणाली.
फुंकून फुंकणं येतं. बोलणं बोलूनच येतं.
घरी कुठली भाषा?
मराठी, म्हटलं मी, चोरी पकडल्यासारखं,
आता ही बंद करा म्हणणार, या तयारीनं.
तिनं वही उघडली. शब्द द्या, म्हणाली.
पाय. पोळी. पाल.
पालीचं चित्र तिनं मगरीएवढं काढलं.

आधी नुसता ह,
थंड काचेवर श्वास टाकतात तसा.
मग त्या ह वर हलकेच ओठ मिटायचे, उघडायचे,
घशातल्या खटक्याला कळू न देता.
नळीचं एक टोक नाकाशी, दुसरं स्वतःच्याच कानाशी:
ऐक, कुठून पळतोय वारा.
आरसा नाकाखाली. धुरकट.
पुन्हा. धुरकट.
दहादा. मग एक स्टिकर. पुन्हा दहादा.
भ मात्र जिलियनलाच जमेना.
केतकीनं आरसा घेतला
आणि तिच्या नाकाखाली धरला, गंभीरपणे.

नोव्हेंबरात एकदा आरसा स्वच्छ राहिला.
पा.
बाहेर सीगल भांडत होते सांडलेल्या चिप्सवरून.
वृंदानं पर्समध्ये उगीच काहीतरी शोधलं.
मला आरशात दिसला
दाढी न केलेला एक माणूस, वाकलेला.

ब यायला पुढचा उन्हाळा उजाडला.
आला तो सुटलाच.
बांजर. बीठ. बोजे.
जिलियन म्हणाली, होतं असं,
नवी किल्ली मिळाली की मूल सगळी कुलपं उघडून बघतं.

रविवारी बार्शीचा फोन.
केतकी स्क्रीनपाशी गेली, ओठ नीट मिटले,
जिलियनसारखी मान हलवली,
आणि मामाला म्हणाली: बाबा.

तिकडे काही नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली एक, दुसरी.
लग्नाला अकरा वर्षं झालीत त्याच्या.
त्या घरात हा शब्द कुणी कुणाला म्हणत नाही.

नेटवर्क गेलं वाटतं, म्हणाला तो.
मी हो म्हटलं.
चित्र अगदी स्वच्छ होतं.