देठ

मला विचाराल तर बटण म्हणजे बटण.
त्याला आधी डिव्ह म्हणून जन्माला घालायचं,
मग बटणासारखं वागायला शिकवायचं,
हा खटाटोप मला एकोणीस वर्षांत पटलेला नाही.

जेक्वेरी आली तेव्हा मी सांताक्रूझला
एका जिन्याखालच्या ऑफिसात होते.
पंख्याला रेग्युलेटर नव्हता.
मग अँग्युलर आलं, आणि ते शिकेपर्यंत
त्याच नावाचं दुसरंच काहीतरी आलं.
मग रिॲक्ट. नवरा म्हणाला, हे शेवटचं ना?
मी हो म्हणाले.
त्या होकारालाही आता बरीच वर्षं झाली.

रायन लोपीस वसईहून येतो, तेविसाचा आहे,
सेमीकोलन लावत नाही आणि त्यावर भांडतही नाही.
मला भांडायचं असतं.
त्याचं यंत्र त्याला पुढची ओळ सुचवतं,
तो टॅब दाबतो, पुन्हा टॅब दाबतो,
कुणी वाढतंय म्हणून जेवत सुटावं तसा.
मी म्हणते, ताटावर आडवा हात धर रे कधीतरी.

एकदा त्याने माझं जुनं पान उघडलं.
लालबागच्या मिरची गल्लीतलं,
सुहासिनी घाडीगावकरांच्या डंक्याचं.
एकच फाइल. कांडपाचे दर, वेळ, फोन नंबर,
वर लाल पट्टी, माझ्या हातची.
साल २००९, मानधन दोन किलो मालवणी मसाला.
रायन म्हणाला, मॅम, हे सगळं टेबलमध्ये आहे,
जणू मी कुणाला उघड्यावर झोपवलं होतं.

शनिवार-रविवारात त्याने ते नव्याने बांधलं.
सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.
दर सरकत यायचे, लवंगी देठावर डुलायची.
आणि पोटात नऊशे चौदा पॅकेजेस,
कुणी कुठल्या देशात रात्री जागून लिहिलेली.
त्यातलं एक फक्त एवढंच सांगायचं,
की आकडा विषम आहे का.
आमच्या दरपत्रकात विषम काही नव्हतंच.

मार्चच्या दुपारी आम्ही दोघं लालबागला गेलो.
गल्लीच्या तोंडाशीच रायन शिंकायला लागला.
बाया नाकाला फडकी बांधून देठ खुडत होत्या.
ताईंनी फोन काढला, काचेला तीन तडे.
पान पांढरं. मधोमध एक गोल, फिरत.
डंका सहा वेळा पडला. बारा वेळा पडला.
"ह्यां काय गरगरता?" त्या म्हणाल्या.
"आमच्याकडे काय एक फिरणा नाय.
वर जाता, खाली येता, मिरची बारीक होता."

मी गप्प राहिले, जिंकल्यासारखी.

"आणि तुझ्या पानार तरी काय गो,
बेडगीचा कांडप अजून चाळीस रुपये.
गिरायकां फोन दाखवून भांडतत.
दोन वर्सां तुका सांगान सांगान म्हणतंय.
तू कामात."

साधी फाइल. हलकी, कधी न मोडलेली.
आणि किल्ली फक्त माझ्या कमरेला.

रायनने माझा लॅपटॉप मागून घेतला,
संकेश्वरीच्या पोत्यावर बसला,
नऊशे चौदातली नऊशे चौदा काढून टाकली.
टेबल राहू दिलं.
फक्त दरांच्या रकान्यांना एक दार केलं,
ताईंसाठी, चार आकड्यांच्या कडीचं.
मध्ये दोनदा टॅब दाबला.
मी डंक्याकडे बघत होते.

ताईंनी तिखटाच्या बोटाने चाळिसाचे ऐंशी केले.
थोडं थांबून नव्वद केले.
मग रायनला विचारलं, जेवलास काय रे?

आज सकाळी ऑफिसात मी पुन्हा तेच बोलले,
बटण म्हणजे बटण वगैरे.
स्पेसबारखाली अजून तिखट आहे.
दोन शब्दांत जागा सोडली
की अंगठा चुरचुरतो.