दहापैकी

कंपनीनं तक्ता पाठवलाय:
लॅपटॉप घेऊन गावोगाव राहणाऱ्यांना
हे शहर कितपत मानवेल, दहापैकी गुण द्या.
चौदा रकाने. शुक्रवारपर्यंत.

मी वडगावात, भारताक्का मुतगेकरांच्या माडीवर.
भाडं साडेसहा हजार, त्यात मोटारीचं पाणी
आणि न मागता वर येणारं तांब्याभर ताक.
भाडं: नऊ.
ताकाला रकाना नाही.

हवा: साडेनऊ.
बंगळुरूहून आणलेल्या कूलरमध्ये
भारताक्कांनी कांदे भरून ठेवलेत.

कॅफे, जिथं बसून काम करता येईल असे.
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक टपरी आहे,
बाकडं एक, प्लग एक,
आणि प्लगवर मालकाचा मिक्सर.
गेट पडलं की अर्धं बेळगाव
माझ्यासारखंच जागच्या जागी घाईत असतं.
चार देते. खोडून पाच.

गोंगाट.
खाली बसलिंगमामांचे चार यंत्रमाग,
सकाळी आठपासून खटाक्‌खट खटाक्‌खट,
फरशीतून टेबलात, टेबलातून मनगटात.
मीटिंगमध्ये गुडगावचा साहेब विचारतो,
पाऊस पडतोय का तुमच्याकडे?
नाही सर, साडी पडतेय.
एकदा सगळे म्हणाले, आज किती स्वच्छ ऐकू येतेयस!
आणि थोड्या वेळानं मी पडद्यावरून गेले.
तेव्हा कळलं. माग थांबले म्हणजे लाइट गेली,
राउटरची बॅटरी नऊ मिनिटं पुरते.
तेवढ्यात फायली चढवायच्या, निरोप घ्यायचा, खाली यायचं.
मामा कट्ट्यावर तंबाखू मळत असतात.
त्यांची मजुरी साडीवर, माझी तासावर.
"तुझं बी थांबलं न्हवं?"
"थांबलं की, मामा."
आता रात्री उशिरा सगळं शांत झालं
तरी मी दचकून राउटरकडं बघते.
किती गुण देऊ गोंगाटाला?
पुढं जाते.

स्थानिक भाषा: एक निवडा.
भारताक्का नोटा मोजतात ओंदु, एरडु, मूरु,
मांजराला शिव्या देतात मराठीत,
हुबळीच्या सुनेशी फोनवर कानडीत सुरू होतात
आणि नातवापाशी पोचेस्तोवर मराठीत आलेल्या असतात.
मध्ये कुठं ओलांडली, त्यांना विचारून उपयोग नाही.
याच एका रकान्यापायी
पाट्यांना काळं लागलंय,
बसगाड्या कोगनोळीहून माघारी फिरल्यात.
मी तो मोकळा सोडला.
तक्ता पुढं सरकेना. शेजारी लाल चांदणी.

"अक्का, इथली भाषा कुठली लिहू?"
"कोण विचारालंय?"
"कंपनी."
"भाडं देणार हाय काय ती?"

किती महिने राहाल?
आले तेव्हा दीड म्हणाले होते.
मधल्या काळात तीन सिलिंडर संपले,
आणि दिवाळीच्या फराळाच्या यादीत
चकलीपुढं माझं नाव लागलं.
रकान्यात जास्तीत जास्त बाराच मावतात.

शेवटी एका ओळीत शिफारस.
लिहिलं: माग थांबले की नऊ मिनिटं असतात.
परत आलं: वाचकांना कळणार नाही, स्पष्ट करा.

स्पष्ट करायला बसले तर आज खालून
अर्ध्याच आवाजाची खटाक्‌खट.
लाइट तर आहे.
जिन्यावरून पाहिलं: दोन माग नाहीत,
नटबोल्टाच्या जागी फरशीला आठ भोकं,
टेम्पो वळून गेल्याची ओली खूण दारात.
तक्त्याच्या हिशेबानं
शहराचा एक गुण वाढला.

मामा रिकाम्या जागेत हात पसरून
काहीतरी मोजत होते. मला बघून म्हणाले,
"हितं तुमच्यासारख्यांची टेबलं मांडली तर
किती बसतील गं?
आणि एकाएकाचे काय देतील?"