सातवी ओळ

मोरू हेडाऊचे जिजाजी मस्कतला फिटर.
त्यांनी आणलेला काळा डबा, रबराच्या कळा,
गोळीबार चौकामागच्या खोलीत
मागाच्या खड्ड्यापासून चार हात लांब.
टीव्ही पराते काकूंचा,
बातम्यांच्या आत परत करायच्या बोलीवर.

कॅसेट किंचाळायची पाच मिनिटं.
नाही लागली तर स्क्रूड्रायव्हर:
हेडचा तो बारीक स्क्रू पाव आटा इकडे,
केसभर तिकडे,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर मे महिना, शेहेचाळीस.
कूलरचं तोंड आम्ही डब्याकडे केलेलं,
आमच्याकडे नाही.

खेळात जीव तीनच.
मोरूनं आठ रात्री आकडे उतरवले
पाठकोऱ्या पावत्यांवर,
आणि एका घरात त्रेपन्न सापडलं,
जीव वजा करणारं.
तिथं शून्य ठोकलं.
दुपारभर आम्ही दोघं अमर.
चार वाजता मोरू म्हणाला,
"मजाच नाही बे, मरतच नाही साला,"
आणि त्रेपन्न जागच्या जागी ठेवून दिलं.

मग माणूसच बदलायचं ठरलं.
हेल्मेटवाला परका काढायचा,
टोपीवाले श्रावणजी घालायचे, मोरूचे वडील.
आठ घरं आडवी, आठ उभी,
गणिताच्या वहीत पेन्सिलनं काळी केलेली.
एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस...
ओळीओळीची बेरीज.
पाठीचा बाक काही आठ घरांत बसेना,
तो सोडून दिला.
पडद्यावर आले श्रावणजी,
टोपी अगदी बरोबर,
आणि उभे एका पायावर.

"लंगडून काऊन राहिला बे हा?"

दोन दिवस प्रोग्राम वरून खाली, खालून वर.
तिसऱ्या दिवशी लाईट गेली.
डबा सगळं विसरला.
माग मात्र अंधारात चालूच,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्याला कुठं प्लग होता.

पाणी प्यायला उठलेल्या श्रावणजींनी
कंदिलाशी वही धरली.
नखानं घरं मोजली,
किनारीच्या तारा मोजताना हलतात तसे ओठ हलले.
"सातव्या ओळीत एक सुटलं.
उजवीकडून तिसरं.
साडीत असं सुटलं तर
इतवारीतला शेठ आठ रुपये कापते."
बत्तीस नाही, छत्तीस.
हा माणूस कोण, ते त्यांनी विचारलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.

डबा पुढं कुणी नेला आठवत नाही.
कॅसेट माझ्याकडे आहे.
वायर खुपसायच्या आधीचे दोन सेकंद त्यात उरलेत:
मागाची खटखट,
मोरूचं "थांब बे, दाबू नको,"
आणि मग ती किंचाळी.
त्यात छत्तीस आहे की बत्तीस,
नुसतं ऐकून कळत नाही.