पाठ

स्टुडिओत मला कुणी चेहऱ्यानं ओळखू येत नाही.
पहाटे चारला माणसं उघडी होऊन बाकावर पालथी पडतात
आणि मी त्यांच्या पाठींवर टोळ्या वाटतो.
कुरोइवाच्या माणसांना मासा, धबधब्याला उलटा चढणारा.
सेनोओच्या माणसांना मेपलची पानं, लालभडक.

तोकुजी दोन्हीकडून मरतो.
सकाळी मासा घेऊन पुलावर कापला जातो,
जेवणाच्या सुट्टीत तो मासा मी चिंधीनं पुसतो,
दुपारी पानं लेवून
सकाळच्या स्वतःचा सूड घ्यायला येतो, आणि पडतो.
मजुरी एकाच मरणाची.

नायकाला तीन तास लागतात.
ब्रश गार आहे म्हणून कुरकुरतो,
मग कॅमेऱ्यापुढे पोटात सुरी घेऊन हसतो.
या धंद्यात पाठ दाखवायची नसते म्हणे.
आमच्याकडे दाखवायला तीच असते.

नवव्या दिवशी कोबेहून एक म्हातारा आला,
सुरी कशी धरतात ते शिकवायला.
डावी करंगळी नव्हती. चहाचा पेला
असा जपून धरायचा, जणू ती अजून टेकलीय तिथं.
दिवे उतरल्यावर त्यानं सदरा काढला.

नुसत्या रेघा.
खवले होते, रंग नव्हता. लाटा होत्या, पाणी नव्हतं.

"गोंदणारा आत गेला, मग मी गेलो.
सुटलो तेव्हा तो नव्हता,
ज्यांच्यासाठी गोंदून घेत होतो ते साहेबही नव्हते.
शत्रूनं नाही मारलं. आपल्याच पोरांनी,
जेवता जेवता.
भरून दे. एकदा बघायचंय."

कुठले रंग ठरले होते, विचारलं.
आठवेना त्याला. "लाल असणार," म्हणाला,
मग जरा थांबून, "थोडा निळा."

तेवीस वर्षं सुईसाठी थांबलेली कातडी
ब्रश टेकताच शहारली.
हात नेहमीच्या सवयीनं चालत राहिला.

दोन आरशांच्या मधे तो उभा राहिला,
मान वळवून, बराच वेळ.
रडेल असं वाटलं. रडला नाही.
"चांगलंय," म्हणाला,
"पण हा मासा कॅमेऱ्याकडे बघतोय."

सदरा तसाच ओल्या रंगावर चढवला,
वाकून नमस्कार केला, शेवटची बस विचारली.

सकाळी तोकुजी बाकावर पालथा पडला.
आज आधी कुठल्या बाजूनं, मी विचारलं.
त्याला केव्हाच झोप लागली होती.