मीटरखाली

सेलूतली घरं मला नावांवरून माहीत नाहीत,
कुत्र्यांवरून माहीत आहेत.
मोंढ्यामागचा पांढरा, एका कानाचा.
रेल्वे क्वार्टरातली लंगडी, जी भुंकत नाही, सरळ धरते.
आणि वकिलाच्या बंगल्यातला तो दाढीवाला,
ज्याच्यासाठी फाटकावर पाटी लावलीय
आणि ज्याला माणूस दिसलं की झोप येते.

अकरा वर्षं मीटरचे फोटो काढतोय.
उजव्या पोटरीवर दोन खुणा, डाव्या मांडीवर एक.
तिसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली,
या, नेहमीचं गिऱ्हाईक.

आणि सुगतला कुत्रं पाहिजे.

त्यानं हट्ट धरला नाही. धरला असता तर सोपं होतं,
नाही म्हणून मोकळा झालो असतो.
चौदाव्या वर्षी लेकरं मागत नाहीत,
नुसती आपल्या समोरून जातात.
'काय करायलास?' 'काही नाही.'
'जेवलास का?' 'हो.'
सहा महिन्यांतलं आमचं बोलणं
एका बिलाच्या मागं मावेल.

आणि बिलाच्या मागंच लिहून ठेवलं होतं त्यानं,
माझ्या डब्याखाली:
भाकरी दोन. दूध पावशेर, माझ्या वाटणीचं.
सुई वर्षातून एकदा, जनावरांच्या दवाखान्यात, विचारून आलोय.
पाणी माझ्या अंघोळीतून एक तांब्या.
खाली रेघ मारलेली,
बेरीज केलीच नव्हती.

छबू म्हणाली, दोन खोल्या, वर घरमालक,
नळ आठव्या दिवशी.
कुत्रं काय दप्तर आहे का, खुंटीला अडकवायला?
मी मान हलवली.
मग तीच म्हणाली, पण हा रात्री कोणाशी बोलतो हो,
मोबाइल तर माझ्या उशाशी असतो.

मी हिशेब लावतो, मला तेवढंच येतं.
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी.
दोन वर्षांनी दहावी. मग लातूर, नाहीतर नांदेड,
कुठल्यातरी हॉस्टेलातली लोखंडी कॉट.
कुत्रं तेव्हा ऐन उमेदीत असेल
आणि दार उघडायला आम्ही दोघं.
संध्याकाळी सायकल वाजली की ते कान टवकारील,
सायकल दुसऱ्याचीच असेल.
हे त्याला कोण समजावून सांगणार?
आम्हाला तरी कोण सांगणार आहे?

शिवाय नवी मीटरं येतायत म्हणे,
आपलं आपण रीडिंग धाडणारी.
मग गावातली सगळी कुत्री
माझ्यावर भुंकायची थांबतील.

परवा विद्यानगरात एका घरी
बोर्ड अगदी खाली, गुडघ्याएवढ्यावर.
वाकलो, तर पोत्यावर कुत्री व्यालेली.
मी तसाच थिजलो. तिनं ओठ मागं घेतले,
मग कंटाळून सैल सोडले.
चार पिल्लं. तीन काळी, एक तांबूस,
शेपटीचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं.
फोटो हलला. परत काढला. परत हलला.
घरातली बाई म्हणाली, न्या की एखादं.
म्हटलं, मला कुत्र्यांचं वावडं आहे.
तरी बराच वेळ उकिडवाच होतो.

रात्री जेवायला बसलो.
वरण, भाकरी, नेहमीची शांतता.
सुगतची नजर माझ्या गुडघ्यावर गेली.
वाकून त्यानं चिमटीत काहीतरी उचललं,
दिव्याखाली धरलं. तांबूस, बारीक.
'बाबा, कुठं गेलता?'
फुटक्या, नव्या आवाजात.
कितीतरी दिवसांनी प्रश्न त्याच्याकडून.
'मीटर खाली होतं,' मी म्हणालो.
'किती खाली?'

मी हातानं दाखवलं.
मग दुसऱ्या हातानं, नकळत,
केवढं होतं तेही.