सोनतुरा : शून्य

सप्टेंबर सरता सरता क्रौंच गेले.
आहतीनं वहीत लिहिलं : दोनशे चाळीस, दक्षिणेकडे, सात वाजून दहा.
मग पेन्सिल कानावर खोचली
आणि बराच वेळ आभाळाच्या त्याच तुकड्याकडे बघत राहिला
जिथे आता मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबरात बर्च पिवळे झाले, एका रात्रीच्या वाऱ्यात मोकळे.
पार्किंगमध्ये आमच्या दोनच गाड्या.
नकाशाच्या फळीवर कुणीतरी टांगलेला
एकच लाल हातमोजा.
दलदलीवरच्या लाकडी वाटेला हिमाची साय धरलेली;
तो पुढे, मी मागे.
पंच्याहत्तरीचा माणूस पायांना सांगतो, आवाज नको,
आणि पाय ऐकतात.

ओंडक्यावर बसून थर्मासमधली कॉफी, वेलदोड्याचा पाव.
चुरा पडायच्या आत कूक्केली हजर,
गंजक्या शेपटीची, बिनबोभाट.
तुकडा उचलून ती स्प्रूसच्या शेवाळी दाढीत खुपसते :
जानेवारीची तजवीज.
आहती म्हणतो, माझी आई नोटा अशाच ठेवायची,
पिठाच्या डब्यात, घड्याळामागे.
फरक एवढाच, हिला नंतर सापडतात.

मग शेंड्याकडून सोनतुरे.
पाच ग्रॅमचा जीव, सुईहून बारीक आवाज :
सी, सी, सी,
थंडीला आतून टाके घालत चाललेला.
मी थांबले. तो चालत राहिला.
वळून म्हणाला, 'काय झालं, साइमी?'
'काही नाही. बुटाची नाडी.'

वहीत : सोनतुरा, शून्य.
गेल्या वर्षी तीन. त्याआधी अकरा.
आणि एक्क्याऐंशीच्या पानावर, त्याच्याच तरण्या अक्षरात,
'मोजणं सोडलं. फार आहेत.'
'रितं होत चाललंय जंगल,' तो म्हणाला.
वर जंगल बोलतच होतं.

नोव्हेंबरभर ते वाक्य मी
तोंडात धरून हिंडले,
गोठलेल्या बेरीसारखं,
चावताही येईना, थुंकताही.

डिसेंबरची गणना. दुपारी दोनलाच उजेड उतरणीला.
तळ्यावर बर्फ नवा, रात्री कुठेतरी लांब कण्हणारा.
या वेळी मी नाडी बांधली नाही.
त्याची बाही धरली, बोट वर केलं.
त्यानं दुर्बीण लावली.
काचेत : पिवळी रेघ, इवलीशी चोच,
उघडते, मिटते, उघडते.
तो बघत राहिला.
बंद खिडकीपलीकडचं माणूस बोलताना
आपण ओठ बघतो, तसा.

'कधीपासून?' एवढंच विचारलं.
मी सांगितलं. नाडीचंही सांगितलं.

पेन्सिलीला टोक केलं त्यानं, अगदी सावकाश.
सोनतुरा : चार. कान : साइमीचे.
मागची शून्यं खोडली नाहीत,
त्यांच्याशेजारी फक्त लहानसं प्रश्नचिन्ह,
एकेका शून्यापुढे एकेक.

परतताना गाडीपाशी डोमकावळा ओरडला,
गंजलेलं फाटक कुणी लाथेनं उघडावं तसा.
'हा आला,' आहती म्हणाला,
'हा मेल्यावरसुद्धा येईल ऐकू.'
फळीवरचा हातमोजा अजून तिथेच,
बोटांत बर्फ भरून
जाड झालेला.