कुसळ

धक्क्यावर एक बाक, एक ब्रश,
पत्र्याची उथळ परात, तीत जंतुनाशकाचं पाणी.
नायरीबाई म्हणतात, बूट काढा.
आपल्याकडे उंबऱ्याशी म्हणतात, अगदी तसंच.
फक्त इथला उंबरा म्हणजे समुद्र,
आणि घर पलीकडे, होडीने वीस मिनिटांवर,
धुक्यात अर्धं.

आम्ही पाहुण्याला म्हणतो, पायधूळ झाडा आमच्याकडे.
त्यांना हे सांगितलं, जमेल तसं उलगडून.
इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.
"इथेही झाडाच," म्हणाल्या, "पण या बाजूला."

दोन वर्षं मी हे ठिकाण निवडत होतो.
तक्ते केले होते: कुठे प्लास्टिक बंद,
कुठे वीज वाऱ्याची, कुठे दिवसाला किती माणसं सोडतात,
कुठल्या खानावळीच्या पाटीवर हिरवं पान,
आणि ते पान कोण कुणाला केवढ्याला देतं.
तीन देश खोडले. एका बेटावर काट मारली,
कारण हॉटेलात पोहायचा तलाव होता
आणि गावाला पाणी दिवसाआड.
मुलगी म्हणाली, बाबा,
माझ्यासाठीसुद्धा इतकी स्थळं पाहिली नव्हतीत.

नायरीबाईंनी खिसे उलटे करायला लावले.
बॅगेच्या शिवणी चाचपल्या, बुटाच्या खाचांतून
टाचणीने माती काढली, कागदावर ठेवली, हुंगली.
मग डाव्या मोज्यात त्यांना ते दिसलं.
एक कुसळ.
"हे इथलं नाही."
मागच्या उन्हाळ्यातलं असेल, किर्गिझस्तानातल्या कुरणातलं.
तेही मी असंच पारखून निवडलं होतं.

चिमट्याने ओढता ओढता विचारलं, "आलात कसे?"
तीन विमानं, म्हटलं.
त्या काही बोलल्या नाहीत. कुसळ निघेना.
आणि मुसळ?
ते मागे धावपट्टीवर उभं होतं, पंख पसरून.
त्याच्यावरून कुणी ब्रश फिरवला नव्हता.

मग येऊच नये का माणसाने?
हे मी जरा चिडूनच विचारलं.
त्यांनी चिमटा खाली ठेवला.
"एक वर्ष कुणीच आलं नाही.
पाखरं इथवर उतरली, या बाकापर्यंत.
लाइफ जॅकेटांच्या पेटीत घरटं केलं.
त्याच वर्षी राविरीने होडीचं इंजिन विकलं.
तिकिटाच्या पैशांतून उंदरांचे सापळे भरायचो,
ते रिकामे राहिले.
एक उंदीर पोहत गेला पलीकडे. एकच. गाभण होती."
थोडं थांबून म्हणाल्या,
"दोन्ही खरं आहे. जास्त खरं कुठलं, ते मला नका विचारू."

मोजे त्यांच्यापाशी ठेवून गेलो.
उघडे पाय बुटात; पहिल्या चढालाच टाच सोलली.
नेच्यांच्या आडोशाला लाकडी बोगदे,
आत शाईचा कागद: कोण येऊन गेलं ते पावलांवरून वाचायचं.
राविरीने एक कागद ओढून दाखवला.
किड्यांचे ठिपके, एका सरड्याची शेपूट,
बाकी कोरा. त्या कोरेपणाकडे तो
निकाल हाती आलेल्या पोराच्या बापासारखा बघत राहिला.
वाटेत बसलो, तर राखी रंगाचं एक एवढंसं पाखरू
आलं, बुटाच्या नाडीला चोच मारली,
मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं
आणि माझ्यात रस नसल्याने निघून गेलं.
यासाठी तीन विमानं.
हो, यासाठीच. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी धक्क्यावर दोरीला माझे मोजे,
धुऊन, पिळून, दोन चिमट्यांत.
नायरीबाईंची वही उघडी होती.
तारखेपुढे चिकटपट्टीखाली कुसळ,
शेजारी माझं नाव.
नाव चुकीचं लिहिलेलं.
कुसळाचं बरोबर.

जाताना कुणी काही तपासत नाही इथे.
मोजे अजून वाळले नव्हते.
ओलेच घातले.